वाचकांचे प्रश्न: मठाचं शेत, मठाचं कोठार

गेल्या अंकात मध्ययुगीन युरोपातल्या मठांच्या शेतीवर लेख आला होता. ज्यांच्या हाती तो पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिस्टर्शियन हा ख्रिस्ती साधूंचा पंथ 1098 मध्ये फ्रान्सात सीतो इथे सुरू झाला. खंडावर (कुळाकडून येणाऱ्या जमिनीच्या भाड्यावर) आणि वेठीवर जगायचं नाही, आपली जमीन आपल्याच माणसांकडून कसून घ्यायची, असा या पंथाचा सुरुवातीचा नियम होता. त्यासाठी मठापासून काही अंतरावर सलग जमिनीचे तुकडे करून तिथे वाडा, कोठार, गोठे आणि प्रार्थनेची छोटी खोली बांधत. या ठाण्याला ‘ग्रेंज’ म्हणतात. लेखावर बरीच पत्रं आली, त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न: मुलाकडे ऑक्सफर्डला गेलो असता ग्रेट कॉक्सवेलचं दगडी कोठार पाहिलं. तिथे भेटलेल्या एका गृहस्थांनी ते ‘दशांशाचं कोठार’ असल्याचं सांगितलं. तुमच्या लेखात मात्र ते मठाच्या स्वतःच्या शेतीचं म्हटलं आहे. खरं काय? आणि एका शेताला एवढं मोठं कोठार लागावं कशाला?
*एक निवृत्त अभियंता, धरमपेठ*

त्या गृहस्थांची चूक फार जणांची होते. गावातल्या प्रत्येकाने पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, तो साठवण्याची कोठारं वेगळी. ग्रेट कॉक्सवेलचं कोठार ब्यूली मठाच्या ग्रेंजचं आहे. ग्रेट कॉक्सवेल ज्यात येतं ती फॅरिंग्डनची जहागीर राजा जॉनने सिस्टर्शियनांना दिली आणि 1204 मध्ये ब्यूलीचा मठ स्थापन झाला, तेव्हापासून तिथली शेती मठाची. दहाव्या हिश्शाला इतकी जागा लागलीच नसती. कोठाराची लांबी 152 फूट, रुंदी 44 फूट आणि आढ्यापर्यंतची उंची 48 फूट. ब्यूली मठाचंच सेंट लिओनर्ड्स इथलं कोठार तर 216 फूट लांब होतं. त्याच्या आता भिंतीच काय त्या उरल्या आहेत.

एवढी जागा का लागते, हे कळायला उत्पन्नाकडे बघावं लागतं. 13व्या शतकातल्या इंग्लंडात एकराला साधारण 2 ते अडीच बुशेल गहू पेरत, म्हणजे 55 ते 65 किलो. पीक यायचं पेरलेल्याच्या तिप्पट-चौपट. चौपट धरलं तरी एकरी सव्वादोन-अडीच क्विंटल, आणि त्यातला चौथा हिस्सा पुन्हा बियाण्याला बाजूला काढायचा. त्या काळातला शेतीचा जाणकार वॉल्टर ऑफ हेन्ली स्पष्ट लिहून ठेवतो की तिप्पटच पिकलं तर हाती काही उरत नाही, भाव चढले तरच. तेव्हा खाण्या-विकण्यापुरतं धान्य हवं तर शेकडो एकर पेरणं आलं. शिवाय कोठारात मोकळं धान्य जात नव्हतं, काडासकट पेंढ्या जात होत्या. पेंढीत दाण्यापेक्षा काडच जास्त. ते काड जनावरांना, गोठ्यात अंथरायला आणि छपराला लागायचं.

आता कामाचा क्रम बघा. कापणी ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि तिथला पाऊस कधी येईल याचा नेम नाही. पेंढ्या आधी शेतातच उभ्या रचून वाळवायच्या. मग लांब भिंतीच्या मधोमध असलेल्या दारातून गाडी आत आणायची आणि दोन्ही टोकांकडून मधल्या दिशेने थर रचत यायचं. समोरासमोरच्या दारांमधली पट्टी मात्र रिकामी ठेवायची, तेच खळं. पुढे पूर्ण हिवाळाभर, लागेल तशा पेंढ्या ओढून तिथे सोट्याने झोडपायच्या आणि दोन्ही दारं उघडून त्या वाऱ्यावर उफणायचं. म्हणजे ग्रेट कॉक्सवेलसारखं कोठार हे गोदाम आणि खळं दोन्ही आहे. टोकाच्या भिंतीतली मोठी दारं बघून बऱ्याच जणांना वाटतं की गाड्या लांबीच्या बाजूने आरपार जात असतील. ती दारं 18व्या शतकात भिंत फोडून नव्याने केलेली आहेत. मूळची वहिवाट बाजूच्या देवड्यांतून होती.

बिघडायचं ते बहुतेक ओलीमुळे. अर्धवट वाळलेली पेंढी आत गेली की थर आतून तापतो, बुरशी धरतो, फारच तापला तर पेटतो. म्हणून भिंतीत हवेसाठी अरुंद फटी ठेवलेल्या असतात आणि ओकचे खांब जमिनीत न रोवता दगडी चौथऱ्यांवर उभे केलेले असतात. ग्रेट कॉक्सवेलचे चौथरे माणसाहून उंच आहेत, ओल लाकडाच्या बुडाशी पोचतच नाही. आपण अभियंते आहात म्हणून एक सांगतो. दगडी फरशीच्या त्या छताचा बराचसा भार खांबांच्या दोन रांगा घेतात. भिंतीवर उतरणारा भार आणि बाहेरचा रेटा पेलायला बाहेरून धिरे दिलेले आहेत.

बांधणीचं साल 1292 च्या सुमाराचं धरतात ते लाकडातल्या वाढ-कड्यांवरून. ओक ओला असतानाच घडवत, त्यामुळे झाड तोडल्याचं साल आणि बांधणीचं साल यांत फारसं अंतर नसतं. नमुन्यात निदान 50 कडी हवीत. सालीखालचं फिकट लाकूड शाबूत असेल तर तोड कधीची ते नेमकं निघतं. सुताराने ते तासून टाकलं असेल तर फक्त ‘अमुक सालानंतर’ एवढंच म्हणता येतं. इंग्लंडातल्या ओकमध्ये या फिकट लाकडाची 9 ते 41 कडी सापडतात, म्हणजे अंदाजात तीसेक वर्षांची ढिलाई राहतेच. माहितीच्या पाटीवर एकच साल छापलेलं दिसलं तर खांबाच्या कडेला झाडाची साल शिल्लक होती का, हे विचारून घ्यावं.

प्रश्न: हे सगळं काम साधू स्वतः करत होते का? की आपल्याकडच्या मालगुजारासारखे सालदार ठेवत?
*एक वाचक, हिंगणा*

साधूंचा बराचसा दिवस प्रार्थनेत जायचा, नांगराला वेळ उरायचा नाही. काम करत ते ‘कन्व्हर्सी’, म्हणजे दीक्षा घेतलेले पण गायन-पठणातून सूट मिळालेले बांधव. बहुतेक निरक्षर आणि शेतकरी घरांतले. लग्न नाही, मजुरी नाही, मालकी नाही. अन्नवस्त्र आणि मरेपर्यंत आसरा मिळायचा. सालदाराचा हिशेब अक्षय तृतीयेला किंवा गुढीपाडव्याला मिटतो आणि तो दुसरं घर बघू शकतो. यांचा हिशेब मिटत नसे. ग्रेंज मठापासून एका दिवसाच्या चालीवर असावं असा दंडक होता, कारण रविवारी आणि सणाला या बांधवांनी मठात हजर राहायचं. तो दंडक पुढे बराच मोडला गेला. एलरेड हा रीव्हो मठाचा प्रमुख असताना (1147 ते 1167) तिथे 140 साधू आणि 500 बांधव व चाकर होते, असं त्याचा चरित्रकार वॉल्टर डॅनियल सांगतो. आकडा थोडा फुगवलेला मानला तरी प्रमाण लक्षात घ्या, एका साधूमागे तीनांहून जास्त राबणारे हात. जोडीला रोजंदारीचे मजूरही असत, पंथाचे नियम काहीही म्हणोत.

13व्या शतकाच्या अखेरीपासून असे बांधव मिळेनासे झाले. 1348-49 च्या प्लेगनंतर मजुरीचे दर चढले आणि उरलासुरला आधार गेला. मग ग्रेंजेस मक्त्याने दिली गेली. ज्या खंडावर जगायचं नाही म्हणून पंथ निघाला, त्याच खंडावर तो शेवटची दीडएकशे वर्षं जगला. 1536 ते 1540 मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा पुष्कळ ठिकाणी जमीन कसणारा मक्तेदार तोच राहिला, फक्त मालक बदलला.

प्रश्न: लोकरीवर हे मठ श्रीमंत झाले असं वाचलं. मग ते कर्जात कसे बुडाले?
*एक वाणिज्य विद्यार्थी, सदर*

लोकरीच्या आगाऊ विक्रीमुळे. इटालियन व्यापारी येत्या काही वर्षांच्या लोकरीचे पैसे आधीच मोजत आणि मठ त्यात इमारती उठवत. माल पोत्यावर ठरायचा. एक पोतं 364 पौंडांचं, सुमारे 165 किलो, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे मेंढ्यांची कातर. पेगोलोत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने 14व्या शतकात इंग्लंडच्या मठांच्या लोकरीची दरयादी केली. तीत टिंटर्नच्या उत्तम लोकरीला पोत्यामागे 28 मार्क असा सगळ्यात वरचा भाव आहे. मार्क म्हणजे दोन-तृतीयांश पौंड.

करारात वर्षाला किती पोती द्यायची ते पक्कं असायचं, कळप मात्र पक्का नव्हता. 1270 नंतर मेंढ्यांमध्ये खरजेची साथ पसरली, लोकर झडली, जनावरं मेली. तूट भरायला मठाने बाहेरून, चढ्या बाजारभावाने लोकर विकत घ्यायची आणि ती जुन्या ठरलेल्या दराने व्यापाऱ्याला द्यायची. यॉर्कशरचा फाउंटन्स मठ, जो या धंद्यात सगळ्यांत पुढे, तोच या फासात अडकला. पंथाच्या महासभेने आगाऊ विक्रीवर बंधनं घातली, पण पैसा आधी लागायचा आणि नियम नंतर आठवायचा. पुढे 1315 ते 1317 चा दुष्काळ आणि पाठोपाठ बैलांची साथ. नांगराचे बैलच गेल्यावर पेरा आपोआप घटला.

प्रश्न: जमिनीवर काहीच शिल्लक नसेल तर इथे ग्रेंज होतं हे ओळखतात कसं?
*पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, रामटेक*

आधी नकाशे, कागदपत्रं आणि हवाई छायाचित्रं, मग पायी फिरणं, आणि खोदकाम सगळ्यांत शेवटी. कुरणाखाली दबलेले उंचवटे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात. झाडीखाली असतील तर विमानातून लेसरने केलेली उंचीची मोजणी उपयोगी पडते. शोधायच्या गोष्टी अशा: चर आणि बांध घालून घेरलेलं आवार, माशांच्या तळ्यांची साखळी, पारव्यांच्या खुराड्याचा गोल पाया, लांबट कोठाराचा पाया आणि त्यात ठरावीक अंतरावर खांबांचे दगड. वेल्समध्ये मंकनॅश इथे नीथ मठाच्या ग्रेंजचं आवार, कोठाराच्या भिंती आणि पारव्यांचं घर अशा तिन्ही गोष्टी एकत्र बघायला मिळतात.

भोवतीच्या शेतात नांगराच्या जुन्या वरंब्यांच्या रांगा दिसतात आणि त्या उलट्या ‘एस’सारख्या वळलेल्या असतात. आठ बैलांची लांब माळ धुऱ्याजवळ वळवायची तर आधीपासूनच कलत जावं लागे, त्याचा हा वळसा. असे वरंबे आपल्याकडे शोधू नका. माती एका बाजूला पलटवणारा फाळ आपल्या देशी नांगराला नव्हता, त्यामुळे ते उठलेच नाहीत.

शेतात विखुरलेल्या खापऱ्यांचंही वाचन असतं. बारीक, कडा झिजलेल्या खापऱ्या सर्वत्र सारख्या पसरलेल्या असतील तर तो उकिरड्यातून खताबरोबर आलेला माल आहे, तिथे वस्ती नव्हती. मोठ्या, ताज्या कडांच्या खापऱ्या एका ठिकाणी दाटल्या असतील तर खाली घर किंवा खड्डा असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात मोठा धोका असा की सरदाराचा वाडा आणि मठाचं ग्रेंज जमिनीखाली जवळजवळ सारखंच दिसतं. चर, तळं, कोठार दोन्हीकडे असतं. दानपत्र, हिशेबवही किंवा सीमांचं वर्णन हाती आल्याशिवाय ‘मठाचं’ म्हणू नये. शेजारी उजाड गाव सापडलं तर जरा थांबावं. ग्रेंज करताना सिस्टर्शियनांनी गावं उठवली, असा आरोप 12व्या शतकातल्या वॉल्टर मॅपने बोचऱ्या शब्दांत केला आहे, आणि काही ठिकाणी तो खरा आहे. पण कितीतरी गावं मठाच्या आधी किंवा नंतर वेगळ्याच कारणाने ओस पडली.

आता उपकरणांबद्दल थोडं: मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतले चुंबकीय फरक मोजणारं यंत्र, 20 किंवा 30 मीटरच्या चौकटीत, एकेक मीटरच्या ओळींनी फिरवतात. चर, भट्ट्या, चुली त्यात उठून दिसतात, दगडी पाया विद्युत्-रोधाच्या मोजणीत जास्त स्पष्ट येतो. विदर्भात ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. नागपूरच्या पश्चिमेला खाली बसाल्ट आहे, तो स्वतःच चुंबकीय, त्याच्या गोंगाटात चर बुडून जातो. पूर्वेकडच्या ग्नाइसवर परिस्थिती बरी. रोधमोजणी उन्हाळ्यात काळ्या जमिनीवर केली तर भेगांमुळे सळ्यांचा मातीशी नीट संपर्क होत नाही, पावसाळ्यात सगळीकडे सारखीच ओल. नोव्हेंबर-डिसेंबर हा त्यातल्या त्यात काळ. जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारवर भरवसा ठेवू नये, चिकण माती त्या लहरी वरच्या वर गिळते.

प्रश्न: सातशे वर्षांपूर्वी काय पेरलं होतं हे मातीवरून कळतं म्हणे. कसं? आमच्या काळ्या जमिनीत जमेल का?
*शेतकरी वाचक, कुही*

जमेल, पण काळजी जास्त घ्यावी लागेल. जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही, आणि कोळसा पाण्यावर तरंगतो. सगळी युक्ती एवढीच. इंग्लंडात ओलसर धान्य भट्टीवर वाळवत. ते करताना काही जळायचं, आणि तेच आज हाती लागतं.

एकेका थरातून किंवा खड्ड्यातून 40 लिटर माती घ्यायची, थर त्याहून लहान असेल तर सगळीच. प्रत्येक पोत्यात एक आणि पोत्यावर एक अशा दोन चिठ्ठ्या, शाईने नव्हे तर पेन्सिलने लिहिलेल्या. टाकीत एक मिलिमीटर जाळीचा कापडी झोला लावून त्यात माती ओतायची, खालून पाणी सोडायचं, हाताने हलक्याने ढवळायचं. वरून वाहून जाणारं पाणी पाव मिलिमीटरच्या चाळणीतून जाऊ द्यायचं. चाळणीत अडकतो तो जळका दाणा. झोल्यात उरतात हाडं, खापऱ्या, मणी, तेही वाळवून निवडायचे.

काळी माती पाण्यात गोळे धरून बसते आणि दाणे त्या गोळ्यांत अडकतात. अशी माती आधी सावलीत पूर्ण वाळवावी, मग खाण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात रात्रभर भिजवावी. पण ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं वारंवार करू नये, जळका दाणा तडकून त्याची पूड होते. चाळणीतला माल नागपूरच्या उन्हात ठेवायचा तर मुळीच नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, सावलीत, दोन-चार दिवस हळूहळू वाळवायचा.

दुसरी अडचण काळ्या जमिनीचीच आहे. उन्हाळ्यात तिला हात-हातभर, कुठे मीटरभर खोल भेगा पडतात. आजचं बी त्यातून थेट जुन्या थरात जाऊन बसतं. मुंग्याही भर घालतात. त्यामुळे न जळलेलं बी सापडलं तर ते आजचंच समजून सोडून द्यावं, आणि जळलेला दाणाही एकुलता एक असेल तर त्याच्यावर सिद्धान्त उभा करू नये. काळ ठरवायला लाकडी कोळशाऐवजी एकेक दाणाच पाठवावा. खोडाच्या गाभ्यातला कोळसा झाड तोडण्याच्या कितीतरी वर्षं आधीचं वय दाखवतो.

काय कळतं? गव्हाची जात नुसत्या दाण्यावरून सांगता येत नाही, कणसाच्या दांड्याचे सांधे लागतात. इंग्लंडात भाकरीचा गहू आणि ‘रिव्हेट’ गहू हे दोन्ही होते, आणि तो फरक सांध्यांवरूनच लागला. तणांच्या बिया तर जास्तच बोलक्या. अँथेमिस कोटुला नावाचं उग्र वासाचं तण भारी चिकण जमिनीत येतं. ते वाढू लागलं की हलक्या जमिनीवरून भारी जमिनीवर नांगर गेला असं समजतात. मेंढ्यांचं तसंच, दातांच्या झिजेवरून वय निघतं. कोकरं जास्त असतील तर कळप मांसासाठी, पाच-सहा वर्षांचे खच्ची मेंढे जास्त असतील तर लोकरीसाठी.

प्रश्न: आपल्याकडे विहार होते, मठ होते, दान दिलेल्या जमिनी होत्या. मग असं एखादं कोठार का सापडत नाही?
*एक शिक्षिका, वर्धा*

पहिलं कारण हवामान. आपला रब्बीचा गहू मार्चमध्ये कापला जातो, पुढे तीन महिने कोरडे. खळं उघड्यावर, मळणी आठ-पंधरा दिवसांत संपलेली, धान्य कणगीत, ढोलीत नाही तर पेवात, कुटार बाहेर गंजीला. पेंढ्या सहा महिने छपराखाली ठेवायची गरजच नाही. म्हणून पुरातत्त्वात उरतात ते खांबांचे खळगे आणि पेवांचे खड्डे. असे खड्डे खोदकामात केरकचऱ्याचे म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. तळाशी लिंपण किंवा काड जळल्याचा थर दिसतो का, हे बघायला हवं.

दुसरं कारण, आपले मठ बहुधा स्वतः कसत नव्हते. 7व्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की संघ जमीन आणि बैल पुरवतो आणि पिकाचा साधारण सहावा हिस्सा घेतो. ही बटईच झाली. कष्ट कुळाचे आणि खळंही कुळाचं.

अशा दानाचं काय बिघडू शकतं, याचा सुंदर दाखला नाशिकच्या 3 क्रमांकाच्या लेण्यात कोरलेला आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने राज्यवर्ष 18 मध्ये तिथल्या भिक्षूंना काखडी गावातलं 200 निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत दिलं. राज्यवर्ष 24 च्या लेखात कळतं की ते शेत कसलं जात नाही आणि गावही ओस पडलं आहे, म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातली 100 निवर्तनं बदली दिली. दानपत्र शाबूत, जमीन शाबूत, पण कसणारा गेला की दान कोरडं. सिस्टर्शियनांना हाच प्रश्न अकराशे-बाराशे वर्षांनी पडला.

आपल्या विदर्भात वाकाटक दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट आहे, अमरावती जिल्ह्यातला, अचलपूरजवळचा. त्यात राजमानाने 8000 ‘भूमी’ (हेही जमिनीचं जुनं माप) 1000 ब्राह्मणांना दिली आहे. हे मठाला नव्हे, अग्रहाराला (ब्राह्मणांच्या गावाला) दिलेलं दान, पण सवलतींची यादी वाचण्यासारखी आहे: सैनिकांनी गावात शिरायचं नाही, गाई-बैल मागायचे नाहीत, फुलं-दूध, चराई, कातडी, कोळसा यांवर हक्क सांगायचा नाही, वेठ माफ. म्हणजे इतर गावांकडून राज्य काय काय उचलत होतं, याची ही उलटी यादीच. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादित केलेल्या वाकाटक लेखांच्या खंडात (1963) मूळ पाठ मिळेल.

प्रश्न: शेत नांगरताना असा ताम्रपट सापडला तर काय करावं?
*एक वाचक, मौदा*

नांगर तिथेच थांबवावा, आणखी उकरू नये. जागेची खूण करावी, गट नंबर, धुऱ्यापासूनचं अंतर आणि खोली लिहून ठेवावी. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावेत. पत्रे कडीत ओवलेले असतील तर कडी कापू नये, मुद्रा तिच्यावरच असते, आणि कडी पूर्वी कापली गेली होती की नाही यावरून पत्र्यांचा संच मूळचा आहे का ते ठरतं. चिंच, लिंबू, राख, घासणी यांपैकी काहीही लावू नये. हिरव्या थरातच पुष्कळदा अक्षरांच्या कडा टिकलेल्या असतात, थर गेला की अक्षर गेलं. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावं, प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. अर्जाची पोच घ्यावी आणि तिच्या मागे पत्र्यांची संख्या, माप आणि वजन लिहून ठेवावं.